वर्गात सगळ्यांना धरून बोलायचं कसं? प्राथमिक शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

‘सर्वसमावेशक भाषा’ हे नाव भारदस्त आहे, काम मात्र रोजचं आहे. आपण वर्गाशी बोलतो तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कोणी वाक्याच्या बाहेर राहू नये, आणि मुलांनीही एकमेकांशी तसंच बोलावं, एवढाच त्याचा अर्थ. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ‘हे शब्द चालतात, हे चालत नाहीत’ अशी यादी हवी असेल तर ती इथे मिळणार नाही. यादी पाठ होते आणि मधल्या सुट्टीपर्यंत चिडवायला नवा शब्द तयार झालेला असतो.

सहा-सात वर्षांच्या मुलांना यातलं काय कळणार?

पुष्कळ कळतं. त्यांना नियम सांगता येत नाही, पण बोलणं कोणाबद्दल चाललंय हे ती बरोबर टिपतात. जॅनेट हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गोष्टीची सुरुवात करून द्यायची आणि पुढची गोष्ट ऐकणाऱ्याने रचायची, असा तो प्रयोग होता. सुरुवातीत सगळ्यांसाठी म्हणून इंग्रजीतला ‘तो’ वापरला, तेव्हा जेमतेम १२ टक्के गोष्टींत मुलगी आली. ‘तो किंवा ती’ म्हटल्यावर हेच प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. मोठी माणसं ‘तो म्हणजे सगळेच’ असं समजून बोलतात. मुलं जे ऐकतात ते शब्दशः घेतात.

२०१७ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांना ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून ते माणूस चित्रांतून ओळखायला सांगितलं होतं. पाच वर्षांच्या मुली बाईचं चित्र निवडत होत्या, जसे मुलगे पुरुषाचं. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र बाईचं चित्र निवडण्याचं प्रमाण घसरलेलं दिसलं. म्हणजे पहिली-दुसरी हे वय लवकरचं तर नाहीच, थोडा उशीरच झालेला असतो.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या सूचनांपासून. एक दिवस आपण वर्गाला काय काय सांगतो ते कानात साठवून ठेवा. ‘मुलगे इकडे, मुली तिकडे.’ ‘दोन मुलगे या, बाक उचलायचाय.’ ‘मुलींनो, फळ्याभोवती रांगोळी तुम्ही काढा.’ यातलं एकही वाक्य कोणाला दुखवायला म्हटलेलं नसतं, आणि म्हणूनच ते दिवसात वीसदा म्हटलं जातं. रिबेका बिग्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ मध्ये सहा ते अकरा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत नेमकं हेच तपासलं. काही शिक्षकांनी चार आठवडे मुलगे-मुली अशी विभागणी करून वर्ग चालवला, काहींनी नाही. विभागणीच्या वर्गांत ‘हे काम बायकांचं, ते पुरुषांचं’ असे साचे जास्त पक्के झाल्याचं दिसलं.

विभागणी करायचीच असेल तर जन्ममहिन्यावरून करा, खिडकीकडचे आणि दाराकडचे करा, निळी बाटली आणि बाकीच्या बाटल्या करा. बाक उचलायला ‘दोघं जण या’ म्हणा. येणारे येतात.

‘मुलांनो’ म्हटलं तर मुली सुटतात का?

व्याकरणाने सुटत नाहीत. ‘मूल’ नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन ‘मुलं’, आणि ‘मुलांनो’ हे त्याचंच संबोधन. निव्वळ मुलग्यांना हाक मारायची तर ‘मुलग्यांनो’. मराठीने ही सोय आपल्याला फुकट दिलेली आहे, ती वापरावी.

घोळ होतो तो पुढे. त्याच तासात आपण ‘मुलं आणि मुली’ म्हणतो, ‘मुलांचा संघ, मुलींचा संघ’ म्हणतो, आणि ‘मुलं’ हा शब्द हळूच मुलग्यांच्या नावावर होतो. मग दुसऱ्या दिवशी ‘मुलांनो, वह्या काढा’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याने काय समजायचं? म्हणून एक पथ्य पाळा. निव्वळ मुलग्यांबद्दल बोलायचं असेल तेव्हा ‘मुलगे’ म्हणा आणि ‘मुलं’ हा शब्द सगळ्यांसाठी राखून ठेवा. सुरुवातीला जीभ अडखळते. वर्गाला त्याची सवय आपल्याआधी होते.

मराठीत क्रियापदालाही लिंग आहे. मग प्रत्येक वाक्यात ‘तो किंवा ती’ म्हणायचं?

नको. ‘जो विद्यार्थी किंवा जी विद्यार्थिनी आधी येईल त्याने किंवा तिने’ हे ऐकेपर्यंत मागचा बाक झोपी जाईल.

त्यापेक्षा वाक्य अनेकवचनात न्या. ‘ज्याचं झालं असेल त्याने हात वर करावा’ याऐवजी ‘ज्यांचं झालं असेल त्यांनी हात वर करा’. ‘ज्यांचं’ आणि ‘त्यांनी’ यांना लिंग चिकटत नाही. ‘कोण सांगणार?’, ‘कोणाला येतं?’, ‘अजून कोणाचं राहिलंय?’ ही वाक्यंही आपोआप सगळ्यांची आहेत.

व्यवसायांची नावं आली की मात्र जोडीने बोलण्याचा कंटाळा करू नका. जर्मन आणि डच बोलणाऱ्या सहा ते बारा वर्षांच्या ५९१ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांचे मानले जाणारे व्यवसाय पुल्लिंगी रूपासोबत स्त्रीलिंगी रूपही सांगून वर्णन केले, तेव्हा ‘हे मला जमेल’ असा मुलांचा विश्वास वाढला. गंमत म्हणजे तेच व्यवसाय त्यांना थोडे सोपेही वाटले. जर्मनसारखंच मराठीतही नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे कानाला लगेच कळतं, त्यामुळे ‘शेतकरी’, ‘शास्त्रज्ञ’, ‘चालक’ हे शब्द एकदा ‘तो’ घेऊन आणि एकदा ‘ती’ घेऊन येऊ द्या. ‘शास्त्रज्ञ म्हणाली’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना दोन-तीन माना वर होतात. होऊ द्या. ‘लेडी डॉक्टर’, ‘महिला पायलट’ मात्र टाळा. त्या शब्दांतून डॉक्टर आणि पायलट हे मुळात पुरुषच, असं सुचवलं जातं.

‘मुलीसुद्धा मुलग्यांइतक्याच हुशार असतात’ हे तर चांगलं वाक्य आहे ना?

हेतू चांगला आहे, वाक्य उलटतं. ‘अमुक तमुकाइतकाच’ म्हटलं की तमुक हा माप ठरतो. २०१८ मध्ये दोन संशोधक स्त्रियांनी, एलिनॉर चेस्टनट आणि एलन मार्कमन यांनी, ‘मुली गणितात मुलग्यांइतक्याच चांगल्या असतात’ या धर्तीची वाक्यं प्रौढांना वाचायला देऊन पाहिली. वाचणाऱ्यांना उपजत हुशारी मुलग्यांकडे आहे असंच वाटलं. ‘मुलगे आणि मुली दोघंही गणितात सारखेच चांगले’ असं दोघांना एका ओळीत बसवल्यावर हा परिणाम दिसला नाही.

याच घरातला दुसरा प्रकार म्हणजे ‘मुली नीटनेटक्या असतात’, ‘मुलगे दंगेखोरच’, ‘अमुक लोक कष्टाळू असतात’. कौतुक असो की टीका, आख्ख्या गटाबद्दल सरसकट विधान ऐकलं की लहान मुलं तो गट जन्मजातच तसा असतो असं धरून चालतात. न्यूयॉर्कमध्ये मार्जोरी रोड्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चार वर्षांच्या मुलांना ‘झार्पी’ नावाच्या काल्पनिक लोकांचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. ‘झार्पी असं असं करतात’ अशी वाक्यं ऐकलेली मुलं झार्पींना मुळातूनच वेगळी जात समजू लागली. ‘हा झार्पी असं करतो’ ऐकलेल्यांत ते तितकं झालं नाही. तेव्हा वही नीटनेटकी असेल तर जिची आहे तिचं नाव घेऊन शाबासकी द्या. मुलींच्या खात्यावर ती जमा करू नका.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत वर्गाला फरक पडतो का?

मला तर हा मराठीतला सगळ्यात मोठा ऐवज वाटतो. अनेक भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. ऐकणारा आत की बाहेर हे आपल्याला प्रत्येक वाक्यात ठरवावंच लागतं, आणि मुलं ते बिनचूक ठरवतात.

वर्षाच्या मध्यात नवीन मूल येतं तेव्हा लक्ष द्या. कोणीतरी त्याला दाखवायला जातं: ‘आम्ही इथे चपला ठेवतो. आम्ही शनिवारी गोष्ट वाचतो.’ सगळं प्रेमाने चाललेलं असतं, आणि नवं मूल अजून पाहुणंच असतं. तिसरीच्या एका मुलीला मी अशा वेळी एवढंच सुचवलं होतं, ‘आम्हीच्या जागी आपण म्हणून बघ.’ तिने पुन्हा म्हटलं, ‘आपण इथे चपला ठेवतो,’ आणि नव्या मुलाने चपला आणून तिच्या चपलांशेजारी ठेवल्या. तोवर त्या दाराबाहेर होत्या.

‘आपण’ हा शब्द बिनधोक आहे असं मात्र नाही. ‘आपल्यात असं करत नाहीत’ म्हणताना वर्गातल्या एकाच्या घरी तसं करत असतील, तर ते मूल त्या क्षणी ‘आपल्यात’ राहत नाही. ‘आपले सण आणि त्यांचे सण’ हेही तसंच.

अपंग, दिव्यांग, विशेष… नेमकं काय म्हणायचं?

शक्यतो आधी नाव म्हणायचं. वर्गात मुलाला नाव असतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. अवस्थेचा उल्लेख कामापुरता आणि नेमका करावा: ‘तिला फळा दिसत नाही, मोठ्याने वाचा.’ ‘तो व्हीलचेअर वापरतो, वाटेत दप्तरं नकोत.’ ‘खुर्चीला खिळलेला’, ‘बिचारी’ आणि ‘नॉर्मल मुलं’ हे तीन प्रयोग सोडून द्या. ‘मतिमंद’ तर कधीच नको.

‘दिव्यांग’ आज सरकारी कागदांत रुळला आहे, पण त्यातलं ‘दिव्य’ खुद्द अनेक अपंग व्यक्तींना खटकतं, कारण त्यांना हक्क हवे असतात, देवत्व नको असतं. उलट काहींना ‘अपंग’ नकोसा वाटतो. ‘मूकबधिर’ हा शब्दही चुकीचा पडतो, कारण ऐकू न येणारी माणसं मुकी असतात असं नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला. तो घडवताना त्या चळवळीची घोषणाच होती की आमच्याविषयी काही ठरवाल ते आमच्याशिवाय नको. वर्गातही तेच करावं. मुलाला आणि घरच्यांना विचारा आणि ते जो शब्द वापरतात तो वापरा.

मुलं ‘त्याचा पाय असा का?’ असं सरळ विचारतात. त्यांना ‘शूऽऽ’ करू नका. गप्प केल्याने ही गोष्ट लाजेची आहे एवढंच त्यांना समजतं. त्या मुलाला सांगायचं असेल तर तो सांगेल, नसेल तर ‘ते त्याचं खासगी आहे’ एवढं उत्तर चालतं.

‘बाबांची सही आणा’ यात काय वावगं?

ज्याला बाबा नाहीत, किंवा ज्याचे बाबा दुसरीकडे राहतात, त्याला ही सूचना दरवेळी उभं करून सगळ्यांसमोर विचारल्यासारखी लागते. ‘घरच्या मोठ्यांची सही’ म्हणा. ‘पालक’ हा तयार शब्दही आहेच. तसंच ‘आईला सांग शर्टाचं बटण लावायला’ यात आईचं काम आपण परस्पर ठरवून टाकतो. ‘घरी सांग’ पुरे.

एखादं मूल ‘पानी’ म्हणतं आणि वर्ग हसतो. हा सर्वसमावेशक भाषेचा प्रश्न आहे का?

माझ्या मते मराठी वर्गातला हाच सगळ्यात जास्त दुर्लक्षित प्रश्न आहे. लिंग, अपंगत्व यांवर आपण सावध होतो आणि ‘शुद्ध बोल’ मात्र बिनदिक्कत म्हणतो. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘पानी’ म्हणणारं मूल अशुद्ध बोलत नसतं. ते आपल्या घरच्या माणसांसारखं बोलत असतं. त्याच्या बोलीला स्वतःचे नियम आहेत आणि मूल ते बिनचूक पाळतं. त्याला ‘गावंढळ’ म्हटलं की आख्खं घर वर्गाबाहेर काढलं जातं. दोन-तीनदा असं झालं की मूल उत्तर येत असूनही हात वर करत नाही, आणि आपण शेरा लिहितो: ‘अबोल आहे.’

पुस्तकाची भाषा शिकवायचीच आहे, त्यात तडजोड नाही. फळ्यावर दोन खाने करा, ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. मुलांनी एकेक जोडी आणायची. ज्यांच्या घरी दुसरीच भाषा आहे त्यांनी तिचा शब्द आणायचा. काही दिवसांत ‘घरी’चा खाना पुस्तकाच्या दुप्पट भरतो आणि हसणारेच ‘अजून सांग’ म्हणू लागतात. हसू फुटलंच तर हसणाऱ्यांवर ओरडू नका. बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या आणि त्याच्या म्हणण्याला उत्तर द्या. वर्गाला त्यातून बरोबर ते कळतं.

मूल दुसऱ्याला लागेल असं बोललं तर त्याच क्षणी काय करायचं?

थोडक्यात थांबवायचं. गटात कात्री वाटताना एक जण म्हणतो, ‘ए ढ, तू नको कापूस.’ आपण म्हणायचं, ‘हा शब्द नको. कोणी काय कापायचं ते नावाने ठरवा.’ बस. काम पुढे सुरू. भाषण दिलं तर बोलणारा हिरो होतो आणि ज्याला बोललं गेलं तो तमाशाचा विषय.

नंतर, एकट्यात, आधी ज्याला लागलं त्याच्याशी बोला: ‘मी ऐकलं. तुला काय हवंय?’ मग दुसऱ्याशी. ‘सॉरी म्हण’ची सक्ती करू नका. चार वाजता उरकलेलं सॉरी पाच वाजता विसरलं जातं. काय म्हणायला हवं होतं ते त्याच्याकडून काढून घ्या आणि ते वाक्य त्याला मोठ्याने म्हणायला लावा. जीभ सवयीने वळते.

‘बायल्या’ हा शब्द ऐकू आला तर तो खपवून घेऊ नका, आणि ‘तू पुरुषासारखा वाग म्हणजे कोणी बोलणार नाही’ असा सल्ला तर मुळीच देऊ नका. काळ्या-गोऱ्यावरून, जाडी-उंचीवरून पडलेली टोपणनावंही यातच. ‘तो स्वतः हसतो’ हा पुरावा होत नाही. हसण्यावारी नेल्याशिवाय त्याची सुटका नसते. रंगाचं म्हणाल तर चित्रकलेच्या तासाला ‘स्किन कलर दे’ हे ऐकाच. फिकट गुलाबी खडूला ते नाव चिकटलेलं असतं. क्रेयोला कंपनीने १९६२ मध्येच आपल्या खडूचं ‘फ्लेश’ हे नाव बदलून ‘पीच’ केलं. आपल्या वर्गात अजून ‘कोणाची स्किन?’ एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता मुलं एकमेकांच्या तक्रारी घेऊन येतात: ‘बाई, तो मुलगे म्हणाला नाही!’ काय करू?

अभिनंदन, मुलं ऐकत आहेत. हे होणारच. लहान मुलं चुकीचं माप हेतूवरून कमी आणि परिणामावरून जास्त लावतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने १९३२ मध्येच मांडलं होतं. त्यांच्या लेखी शब्द उच्चारला की गुन्हा झाला. तक्रार आली की विचारा, ‘कोणाला लागलं का?’ लागलं नसेल तर ‘मग तू तुझं वाक्य नीट म्हण’ एवढं पुरे. शब्दांचा मॉनिटर नेमू नका, दंडाची पेटीही ठेवू नका. बोलायची धास्ती बसली की ज्या मुलांना मुळात शब्द कमी पडतात तीच आधी गप्प होतात.

म्हणी, जुन्या कविता, गोष्टी यांचं काय? सगळं गाळायचं?

गाळायचं नाही. दुसरीपर्यंत निवडीचा हक्क आपला आहे, तो वापरा. एखाद्या जातीचा किंवा धंद्याचा उपहास करणारी म्हण त्या वयात शिकवायचं कारण नाही. चौथी-पाचवीत ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ आली तर अर्थ सांगा आणि विचारा: यात दोष कोणाचा दाखवलाय? हाच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता येईल का? मुलं भन्नाट म्हणी रचतात, जुनी म्हणही ठाऊक होते. ‘बांगड्या भरल्यात का?’ मात्र शिक्षकांच्या तोंडून बंद व्हावं, तिथे चर्चेची गरज नाही. आणि ‘आंधळी कोशिंबीर’ला खुशाल तेच नाव राहू द्या. वर्गात न दिसणारं मूल असेल तर नावापेक्षा त्याला खेळता येईल असा खेळ निवडणं महत्त्वाचं.

घरी आजी-आजोबा वेगळं बोलतात. मुलं त्यांना सुधारायला गेली तर?

तसं होऊ देऊ नका. मोठ्यांची भाषा सुधारणं हे सात वर्षांच्या मुलाचं काम नाही, आणि त्यात आजीशी नातं नासतं. मुलांना एवढंच सांगा, ‘वर्गात आपण असं बोलतो.’ पालकसभेत हा विषय काढाल तर तत्त्वाने सुरू करू नका. ‘तुमच्या मुलाला वर्गात कोणत्या नावाने हाक मारलेली आवडणार नाही?’ असं विचारा. या प्रश्नावर प्रत्येक घराकडे उत्तर असतं, आणि ‘हे शाळेत राजकारण कशाला’ म्हणणाऱ्यांकडेही असतं.

वेगळा तास घ्यावा का? चाचणी?

तास नको, पाच मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा फळ्यावर एक वाक्य लिहा आणि विचारा, ‘यातून कोण सुटलं?’ ‘सगळ्यांनी उठून उभं राहा.’ ‘गृहपाठ बाबांना दाखवा.’ ‘शेतकऱ्याला त्याची बायको मदत करते.’ शेवटच्या वाक्यावर वाद रंगतो, कारण शेतात ती दिवसभर राबते तेव्हा कोण कोणाला मदत करतं, हे मुलंच विचारतात. मग वाक्य बदलायचं, वर्गाला पटेपर्यंत. कधी कधी वाक्य ठीकच असतं आणि मुलं उगाच कोणीतरी सुटल्याचं शोधतात. तेव्हा ‘हे ठीक आहे’ असं सांगायचं.

चाचणी घ्यायचीच असेल तर आपल्याच प्रश्नपत्रिकांची घ्या. मागच्या सत्राची गणिताची शाब्दिक उदाहरणं समोर ठेवा. खरेदी कोण करतं, हिशेब कोण करतं, पोळ्या कोण लाटतं, गाडी कोण चालवतं, आणि नावं कोणकोणत्या घरांतली आहेत, ते समासात टिपत जा. पुढचा पेपर काढताना तो कागद शेजारी ठेवा.